साईड बदलेपर्यंत

हल्ली दवाखान्यात माणूस जीभ नंतर काढतो, मोबाईल आधी. परवा घोडेगावात एका ठिकाणी पाटी पाहिली: 'येथील संभाषण रेकॉर्ड होत आहे.' खाली कुणीतरी बॉलपेनानं लिहिलं होतं, 'आमच्याकडं पण.' आजच्या पोरांना वाटतं, ही अक्कल मोबाईलबरोबर आली. अजिबात नाही. आमच्या भागात ही विद्या आणली शिनोलीच्या गेणभाऊंनी, गावात मोबाईल हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा. मी तिथल्या शाळेत बाई होते आणि गेणभाऊंच्या अन् माझ्या घरात एकच भिंत होती, तीही कुडाची. त्यामुळे मी सांगते ते कानानं ऐकलेलं आहे.

गेणभाऊ तसे खाऊनपिऊन सुखी शेतकरी. वाईट माणूस मुळीच नाही. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर हातातलं काम टाकून तिथं उभे राहणार आणि 'गाडी बंद पडलीय' असं गाडीवाल्याला सांगणार. त्यांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. बोलायचं खातं गेणभाऊंकडं, करायचं खातं गोजरबाईंकडं. गोजरबाई त्यांची बायको. हसू आलं तरी पदर तोंडावर घेऊन हसणार आणि हसल्याबद्दल इकडंतिकडं बघणार, अशी बाई.

एका वर्षी कांद्याची काढणी झाली आणि गोजरबाई पाण्याचा हंडा आणताना वाटेत मध्येच खाली बसायला लागल्या. मी विचारलं तर आधी भिंतीकडं बघितलं, मग म्हणाल्या, "पोट दुखतंय, बाई." गेणभाऊंनाही तेच सांगितलं. गेणभाऊ त्यांना घेऊन जुन्नरला गेले. घोडेगावात डॉक्टर नव्हते असं नाही, पण जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारायचं नसतं. डॉक्टरांचं नाव मी सांगत नाही, दवाखाना अजून चालू आहे.

खरा आजार सुरू झाला तो दवाखान्यातून परत आल्यावर. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच चुकवता येत नाही. बिस्किटाचा पुडा घ्यायचा, ओसरीवर मांडी घालायची आणि पहिला प्रश्न टाकायचा, "मंग, काय म्हणला डाक्टर?" घरच्या कर्त्या माणसानं सगळं पहिल्यापासून सांगायचं. तोवर आजारी माणूस आत चहा ठेवतो.

गेणभाऊ सांगायचे. पण तीच ती गोष्ट सांगून माणसाला कंटाळा येतो, आणि गेणभाऊंना फार लवकर यायचा. सकाळच्या पाहुण्याला त्यांनी सांगितलं, पित्त झालंय. दुपारच्याला सांगितलं, आतड्याला सूज आहे. दिवस मावळायच्या आत डॉक्टर 'पुण्याला न्यायची बी येळ येईल' असंही म्हणून गेले होते. डॉक्टर प्रत्यक्षात एवढंच म्हणाले होते की तिखट कमी खा.

ही तिन्ही दुखणी तीन पाहुण्यांबरोबर पेठला पोचली. पेठला कुशाबा राहायचा, गोजरबाईंचा एकुलता एक भाऊ. तो तडक मोटरसायकल काढून आला, ओसरीवर बसलासुद्धा नाही.

"दाजी, माझ्या बहिणीला काय झालंय ते तुमी लपावताय."

"आवं पावणं, मी कशाला लपावू? जे डाक्टर म्हणला त्येच सांगतोय."

"कंच्या डाक्टरनं तीन रोग सांगितले? एक काय ते खरं बोला."

हे चारचौघांत झालं. गेणभाऊंच्या जन्मात त्यांना कुणी खोटं म्हटलं नव्हतं, निदान तोंडावर तरी. ते दोन दिवस गप्प होते. कुडाच्या भिंतीपलीकडं इतकी शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती. मग त्यांचा मुलगा भरत पिंपरीहून सुट्टीला आला. तो कंपनीत होता. त्यानं बापासाठी चपटा, काळा टेपरेकॉर्डर आणला. लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं की समोरच्याचं बोलणं आत जातं, हे कळल्यावर गेणभाऊंचे डोळे चमकले. "आता कुशाबाच्या कानातच घालतो डाक्टरला," ते म्हणाले.

भरत कोरी कॅसेट आणायला विसरला होता. म्हणून गेणभाऊंनी भजनाची घेतली. जुन्नरच्या अमजदनं, त्याचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्या कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावून दिली आणि भजनावर रेकॉर्डिंग होईल असं केलं. घरी येऊन गेणभाऊंनी चाचणी घेतली. कोंबड्यांचा आवाज भरला, पाण्याच्या मोटरचा भरला, आणि शेवटी गोजरबाईंसमोर मशीन धरलं. ती चाचणी पुढं सगळ्या गावानं ऐकली. आधी कोंबड्या, मग मोटर, मग गोजरबाईंचा बारीक आवाज, "आवो, मला तुमास्नी येक सांगायचं व्हतं. आदी ते बंद करा." त्यावर गेणभाऊंचं खो खो हसणं, "आगं बोल की, मशीनला काय लाजती!" आणि लगेच भजन. गावाला हे इतकं आवडलं की पुढं कुणी जास्त बडबडायला लागला की पोरं ओरडायची, "आदी ते बंद करा!" माझ्या वर्गात सुद्धा.

पुढच्या खेपेला गेणभाऊ पिशवीत, टॉवेलाखाली मशीन घेऊन डॉक्टरांसमोर बसले. बरोबर कुशाबाही होता, कारण आता ही बाब दोन घरांची झाली होती. पेशंटसाठी असलेल्या स्टुलावर कुशाबा बसला, खुर्चीवर गेणभाऊ. गोजरबाई दाराशी उभ्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय बाईंना?" गेणभाऊ म्हणाले, पोट दुखतंय. "जेवण?" कुशाबा म्हणाला, आमच्याकडं आली की दोन भाकरी खाती. डॉक्टरांनी साडीवरूनच पोट दाबून पाहिलं, गोळ्या लिहिल्या, तिखट बंद करायला सांगितलं, आणि नेमकं तेव्हा पिशवीतल्या मशीनचं बंदचं बटण दाबलं जाऊन मोठ्यानं खटका वाजला. डॉक्टर दचकले. गेणभाऊ म्हणाले, "काय न्हाई, डबा हाय."

ती कॅसेट ओसरीवर लागली तेव्हा बसायला जागा उरली नाही. डॉक्टरांचा आवाज आपल्या ओसरीवर! 'तिखट बंद करा' म्हणून झालं की पाठोपाठ टाळमृदंग सुरू व्हायचे आणि त्या सल्ल्याला वजन यायचं. गेणभाऊंना आता तोंड उघडायची गरज राहिली नाही. पाहुणा आला की बटण दाबायचं. कुशाबासुद्धा मान डोलावून म्हणाला, "आता कसं पुराव्यानिशी बोलला, दाजी." सुनावणी चालू असायची, तोवर गोजरबाई आत चहा ठेवायच्या. पोट दुखायचं थांबलं नव्हतं.

आणि मग गावाला सोय कळली. वरच्या आळीतल्या एकाला पोटदुखी झाली तर तो डॉक्टरांकडं न जाता गेणभाऊंकडं आला, कॅसेट ऐकली आणि त्याच गोळ्या घेऊन आला. त्याला गुणही आला. त्यावरून लोकांनी ठरवलं की कॅसेटच्याही हाताला गुण आहे. मग मशीन उसनं जायला लागलं. कुणी सांधेदुखी भरून आणली, कुणी सासूचा दमा. संध्याकाळी पारावर बसून लोक डॉक्टरांची तुलना करायचे. हा लई घाई करतो, त्याचा आवाज दमदार हाय, तिसरा बोलतो छान पण खोकतो फार. औषधाबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

एवढं झाल्यावर जुन्नरच्या डॉक्टरांना कळायचं राहतंय थोडंच. त्यांना आधी राग आला असेल, पण मला तो कॅसेटवर ऐकू आला नाही. ऐकू आला तो वेगळाच आवाज. सकाळच्या बातम्या देणाऱ्या माणसासारखे ते सावकाश, शुद्ध बोलायला लागले. "नमस्कार. उदरव्याधी ही आजची मोठी समस्या आहे. आमच्याकडे सोनोग्राफीची सोय नुकतीच सुरू झाली असून रविवारी, बाजारच्या दिवशीही दवाखाना उघडा असतो." गोजरबाईंची सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल आलं. ओसरीवर 'नॉर्मल' हा शब्द दोनदा मागं नेऊन ऐकवण्यात आला. कुशाबा म्हणाला, "मंग आता गपगुमान बरी हो की, आक्का." गोजरबाईंनी मान हलवली. त्यांनी तोवर शेतात जायचं सोडलं होतं आणि माझ्या दारातून जाताना त्या भिंतीला धरून चालत होत्या. मला राग यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही.

डॉक्टरांची बातम्यांची हौस एका दिवसात फिटली. घोडेगावकडचा एक जण कॅसेट घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेला. 'काळजीचं कारण नाही' असं तुम्हीच म्हणालात, हे बघा, आणि आमच्या म्हाताऱ्याचा पाय तर अजून सुजलेला. दवाखान्याबाहेर बाजार जमला. त्यानंतर डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. एक, टेबलावर स्वतःचा मोठा टेपरेकॉर्डर मांडला, गेणभाऊंच्या तिप्पट. दोन, बोलायचंच बंद केलं. म्हणजे तोंड हलायचं, पण त्यातून काही बाहेर पडायचं नाही. "असू शकतं. नसूही शकतं. वाटलं तर गोळ्या घ्या. निर्णय तुमचा." गेणभाऊही आता पिशवीआड लपवत नव्हते. दोन मशीनं टेबलावर समोरासमोर. त्यांच्या पल्याड डॉक्टर, अल्याड गेणभाऊ आणि कुशाबा, आणि दाराशी गोजरबाई.

दवाखान्यात अमरीन नावाची सिस्टर होती, टेपवाल्या अमजदची बहीण. म्हणून कॅसेटची कामगिरी तिच्याकडं आली. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, आणि आता कॅसेट. मध्येच ती हात वर करून म्हणायची, "थांबा सर, साईड बदलते," की सगळे जिथल्या तिथं गप्प. डॉक्टरांचा नियमच होता, टेप बंद असताना कुणी एक शब्द बोलायचा नाही. एकदा एका माणसाला खोकल्याची उबळ आली, तीही त्यानं साईड बदलेपर्यंत दाबून धरली.

असं दोन वर्षं चाललं. दोन्ही बाजूंनी ढीगभर कॅसेट जमल्या आणि गोजरबाई निम्म्या झाल्या. शेवटी कुशाबानं जाहीर केलं, आज डॉक्टरकडून एक काय ते वदवून घ्यायचं, नाहीतर बहिणीला मी पेठला नेतो. गेणभाऊ माझ्याकडं आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "बाई, तुमी शिकलेल्या. साक्षीला चला. ती गेली तर मी काय करू?" त्या माणसाच्या तोंडून मशीनबद्दल नसलेलं वाक्य मी फार दिवसांनी ऐकलं. म्हणून गेले.

रविवार होता, बाजारानं रस्ता तुंबलेला. एसटीत प्रत्येक खड्ड्याला गोजरबाई डोळे मिटत होत्या. दवाखान्यात नेहमीची मांडणी झाली. दोन्ही लाल बटणं दाबली गेली. कुशाबा स्टुलावरून गरजला, "डाक्टर, आज फटकन् सांगा. हिला काय झालंय?"

डॉक्टरांनी आपल्या मशीनकडं बघितलं, गेणभाऊंच्या मशीनकडं बघितलं. "काही झालं असण्याची शक्यता नाकारता येत नाही," ते म्हणाले.

"म्हंजी झालंय?"

"तसंही म्हणता येणार नाही."

कुशाबा उठला, गेणभाऊ उठले, आणि त्या गडबडीत गेणभाऊंच्या मशीननं फीत खाल्ली. आतून घुईं असा आवाज आला आणि मशीन बंद पडलं. त्याच वेळी डॉक्टरांची कॅसेटही संपली. अमरीननं हात वर केला. "थांबा. साईड बदलते."

"कुणी बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

तिन्ही बाप्ये गेणभाऊंच्या मशीनवर वाकले. फीत बोटभर बाहेर आली होती. कुशाबा पेन्सिल मागत होता, खुणेनं. डॉक्टरांनी, सवयीनं, चिमटा पुढं केला. आणि दाराशी उभ्या असलेल्या गोजरबाईंनी अमरीनचं मनगट धरलं. मी दोन हातांवर होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पोरी, माजं अंग भाईर येतंय. दोन वरसं झाली. बसता येत न्हाई."

अमरीननं कॅसेट तशीच टेबलावर ठेवली. "मावशी, आत चला," एवढंच म्हणाली आणि पडदा ओढला.

"सिस्टर, साईड?" डॉक्टरांनी न बघता विचारलं.

"राहू दे सर तसंच," आतून आवाज आला.

मला त्या क्षणी टेबलावरची दोन्ही मशीनं उचलून बाजारात भिरकावून द्यावीशी वाटली. ही बाई पोट दुखतंय म्हणत होती, कारण दुसरा कुठला शब्द ती नवऱ्याच्या, भावाच्या आणि डॉक्टरांच्या समोर उच्चारणार होती? आणि उच्चारलाच असता, तर संध्याकाळी तो ओसरीवर वाजला असता, भजनासकट. पाहुण्यांनी चहा पीत पीत तो मागं नेऊन दोनदा ऐकला असता.

अमरीन बाहेर येऊन डॉक्टरांच्या कानात बोलली. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी गेणभाऊंना एकट्याला कोपऱ्यात घेतलं. गेणभाऊ लगेच म्हणाले, "जरा थांबा, मशीन..."

"मशीन बंद आहे," डॉक्टर म्हणाले. आणि टेप बंद असल्यामुळं दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलले. "गर्भपिशवी खाली उतरलीय. ऑपरेशन लागेल. मंचरला मॅडम आहेत, चिठ्ठी देतो. बाई चांगल्या ठणठणीत होतील, हो. आधी कळलं असतं तर इतका त्रास झाला नसता." कुशाबा विचारत राहिला, काय झालंय, काय झालंय. त्याला मीच म्हटलं, बायकांचं आहे, गप बस. तो गप बसला. इतकं सोपं होतं ते.

मंचरला ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. गोजरबाई घरी आल्या तशी ओसरी पुन्हा भरली. बिस्किटाचे पुडे आले. कुशाबा पुढंच बसला होता.

"दाजी, लावा कॅसेट. काय म्हणला डाक्टर?"

गेणभाऊंनी सगळ्यांकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस काय ऐकवणार यांना?

"फीत गुतली," गेणभाऊ म्हणाले.

"मंग तोंडानं सांगा."

"ते म्हाईत न्हाई मला. चा घ्या."

लोक उठून गेले ते कुरकुरतच. इतक्या लांबून यायचं, पुडा आणायचा, आणि रोगाचं नावही कळू नये म्हणजे काय. गेणभाऊ बदलले, असं गावात दोन दिवस बोलत होते.

दुपारी ओसरी मोकळी झाल्यावर मला भिंतीपलीकडून गेणभाऊंचा आवाज ऐकू आला. त्यात राग होता, आणि रागापेक्षा जास्त दुसरं काहीतरी. "त्या पोरीला सांगितलंस. परक्या पोरीला. मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगाया आले व्हते," गोजरबाई म्हणाल्या.

"कवा?"

उत्तराऐवजी ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग कॅसेट चाळल्याचा, मग खटका. कोंबड्या ओरडल्या. पाण्याची मोटर चालू झाली. आणि तो बारीक आवाज, जो ऐकून सगळा गाव पोट धरून हसला होता: "आवो, मला तुमास्नी येक सांगायचं व्हतं. आदी ते बंद करा." त्यावर गेणभाऊंचं हसणं. ते पूर्ण वाजलं नाही, मध्येच खटका पडला. भजन आलंच नाही.

मग गेणभाऊ म्हणाले, आणि इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं, "बंद केलंय. बोल. काय सांगायचं व्हतं तुला?"

"आता?" गोजरबाई म्हणाल्या. "व्हा बाजूला. पावणं आल्यात दारात, चा ठेवायचाय."